बारावीनंतर भूगोल : प्रवेशाआधी काय पाहावे, प्रवेशानंतर काय करावे

भूगोलात पदवी घ्यायची असे ठरवणाऱ्या विद्यार्थ्याला घरातून सहसा दोन प्रश्न विचारले जातात. नोकरी कसली मिळणार, हा पहिला आणि एवढे गुण असताना हा विषय कशाला, हा दुसरा. तिसरा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही आणि पुढची तीन-चार वर्षे त्याच्यावरच अवलंबून असतात : ज्या महाविद्यालयात अर्ज करणार आहोत, तेथे भूगोल शेवटच्या वर्षापर्यंत मुख्य विषय म्हणून शिकवतात का, आणि त्याची प्रात्यक्षिके खरोखर होतात का? हा विषय नकाशावर, आलेखाच्या कागदावर आणि पायाखालच्या जमिनीवर हाताने शिकावा लागतो. व्याख्याने ऐकून पदवी मिळते, पण भूगोल येत नाही. ही प्रक्रिया मी स्वतः पार केलेली असल्याने कोणत्या टप्प्यावर मुले अडतात हे ठाऊक आहे. म्हणून पुढील माहिती त्याच क्रमाने देत आहे. उदाहरणे बहुतांशी महाराष्ट्रातील आहेत.

१. आपल्याला यातील नेमके काय आवडते ते तपासा

राज्य मंडळाच्या अकरावीच्या पुस्तकात भूपट्ट, विदारण, हवामान विभाग असा प्राकृतिक भूगोल आहे, तर बारावीच्या पुस्तकात लोकसंख्या, वस्ती, आर्थिक क्रिया, प्रादेशिक विकास असा मानवी भूगोल आहे. ज्याने बारावीच्या गुणांवरून हा विषय निवडला, त्याला पहिल्या वर्षी भूरूपशास्त्र, म्हणजे डोंगर-दऱ्यांसारखी भूरूपे कशी घडतात याचा अभ्यास, समोर आले की धक्का बसतो. ज्याला अकरावीतील डोंगरदऱ्या आवडल्या, तो लोकसंख्येच्या प्रमाणांना कंटाळतो. विद्यापीठात दोन्ही बाजू शिकाव्या लागतातच, शिवाय नकाशाशास्त्र, सुदूर संवेदन (उपग्रह किंवा विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून जमिनीचा अभ्यास) आणि संख्याशास्त्र ही तिसरी बाजू जोडली जाते. बालभारतीच्या संकेतस्थळावर दोन्ही पुस्तके विनामूल्य उपलब्ध आहेत. परीक्षेचा विचार बाजूला ठेवून ती सलग वाचावीत आणि कोठे मन रमते याची प्रामाणिक नोंद करावी.

खडक, खनिजे आणि जीवाश्म एवढेच आवडत असेल, तर आपल्याला हवा आहे तो भूशास्त्र हा वेगळा विषय, त्याची बी.एस्सी. स्वतंत्र असते आणि तिला विज्ञान शाखेची बारावी लागते. उलट, बारावीला भूगोल नव्हता म्हणून कोणी मागे हटू नये. वाणिज्य किंवा विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यालाही बी.ए.ला हा विषय सर्वसाधारणपणे घेता येतो.

२. बी.ए. की बी.एस्सी.?

या प्रश्नावर विद्यार्थी गरजेपेक्षा जास्त वेळ घालवतात. बी.एस्सी. भूगोलासाठी बहुतेक ठिकाणी विज्ञान शाखेची बारावी लागते आणि ती मोजक्याच महाविद्यालयांत आहे; पुण्यातील फर्ग्युसन आणि स. प. महाविद्यालय ही त्यातील जुनी नावे. बी.ए. मात्र जिल्ह्याजिल्ह्यांत आहे. भूगोलाच्या मुख्य विषयपत्रिका दोन्हीकडे बऱ्याच मिळत्याजुळत्या असतात. खरा फरक पडतो तो सोबतच्या विषयांत. बी.एस्सी.ला भूशास्त्र, संख्याशास्त्र किंवा संगणकशास्त्र सोबत मिळू शकते, बी.ए.ला अर्थशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र. सुदूर संवेदनाच्या तांत्रिक अभ्यासक्रमांकडे जायचे पक्के असेल तर बी.एस्सी. उपयोगी पडते, कारण त्यांतील काहींना विज्ञान शाखेची पदवी किंवा बारावीपर्यंतचे गणित लागते. स्पर्धा परीक्षा, अध्यापन, नियोजन किंवा लोकसंख्या अभ्यास यांसाठी बी.ए.ने काहीही अडत नाही.

३. अर्ज भरण्यापूर्वी विभागात जाऊन या

वेळ घालवायचाच असेल तर तो येथे घालवावा. माहितीपुस्तिकेत ‘भूगोल’ छापलेले असणे आणि तो विषय मुख्य म्हणून पूर्ण करता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही महाविद्यालयांत भूगोल पहिल्या-दुसऱ्या वर्षापुरता असतो, ज्याला जुने विद्यार्थी अजूनही ‘जनरल’ म्हणतात; ‘स्पेशल’, म्हणजे शेवटपर्यंतचा मुख्य विषय, नसतोच. माझ्या परिचयातील काही मुलांच्या महाविद्यालयात तो कागदोपत्री होता, पण पुरेसे विद्यार्थी नाहीत म्हणून वरच्या वर्गाची तुकडी उघडलीच नाही, आणि त्यांना दुसरा विषय घ्यावा लागला. प्रवेश खिडकीवरील कर्मचाऱ्याकडून याचे उत्तर मिळत नाही, आणि ते त्यांचे कामही नव्हे. त्यासाठी भूगोल विभाग गाठावा, कामाच्या दिवशी सकाळी जावे आणि पुढील गोष्टी विचाराव्यात :

– भूगोल हा मुख्य विषय तिसऱ्या वर्षी गेल्या वेळी प्रत्यक्षात चालला का, आणि चौथे वर्ष येथे आहे का?
– पूर्णवेळ शिक्षक किती, आणि तासिका तत्त्वावर किती?
– प्रात्यक्षिकांच्या तुकडीत किती विद्यार्थी असतात, आणि संगणक प्रयोगशाळा विभागाची स्वतःची आहे की इतर विभागांबरोबर वाटून घ्यावी लागते?
– मागील वर्षी अभ्यास सहल कोठे गेली होती आणि विद्यार्थ्याला साधारण किती खर्च आला?
– उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते का, आणि वर्गात शिकवतात कोणत्या भाषेत?

याखेरीज आणखी एक करावे. वरच्या वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याला त्याचे प्रात्यक्षिकाचे जर्नल दाखवण्याची विनंती करावी. जर्नलातील आकृत्या पेन्सिलीने नीट काढलेल्या असतील, प्रत्येक पानावर तारीख आणि शिक्षकांची सही वेगवेगळ्या दिवसांची असेल, एखाद्या गावाच्या सर्वेक्षणाचा अहवाल जोडलेला असेल, तर विभाग जिवंत आहे. सगळ्या सह्या एकाच शाईत आणि एकाच दिवसाच्या दिसल्या, तर काय समजायचे ते समजावे. कपाटात डंपी लेव्हल, लोलकीय होकायंत्र आणि समतल फलक ही जमीन मोजण्याची उपकरणे असतात. त्यांच्यावर धूळ आहे की नाही हेही पाहून घ्यावे. नामांकित पण प्रात्यक्षिके गुंडाळणाऱ्या महाविद्यालयापेक्षा तालुक्याच्या ठिकाणचा, पण मुलांना दरवर्षी नदीकाठी घेऊन जाणारा विभाग मी केव्हाही निवडेन.

४. नव्या रचनेत गौण विषय विचारपूर्वक घ्या

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ची रचना महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सरसकट लागू झाली. मुख्य विषय, गौण विषय, खुला वैकल्पिक विषय, कौशल्य अभ्यासक्रम, भारतीय ज्ञान प्रणाली, क्षेत्र प्रकल्प, कार्यप्रशिक्षण अशा गटांत श्रेयांक (क्रेडिट) विभागलेले असतात. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स पदवी अशी बाहेर पडण्याची सोय आहे.

येथील सापळा असा की, काही विद्यापीठांत पहिल्या वर्षी दोन-तीन विषय बरोबरीने घेऊन मुख्य विषय दुसऱ्या वर्षी निश्चित केला जातो. अशा ठिकाणी ‘प्रवेश झाला म्हणजे भूगोल मिळाला’ असे गृहीत धरू नये. जागा मर्यादित असल्या, तर मुख्य विषय कोणत्या निकषावर देणार हे आधीच विचारून ठेवावे. गौण विषय म्हणून अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्र मिळत असेल तर ते घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे; ‘सोपा जातो’ एवढ्याच कारणाने निवडलेला गौण विषय पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी उपयोगी पडत नाही.

५. कागदपत्रे

निकाल लागल्यावर सेतू केंद्रात आणि तहसील कार्यालयात एकदम गर्दी उसळते. म्हणून दाखले बारावीची परीक्षा संपताच काढावेत. साधारणपणे लागणारी कागदपत्रे :

– दहावी आणि बारावीची गुणपत्रके, तसेच दहावीचे प्रमाणपत्र
– महाविद्यालय सोडल्याचा दाखला, मूळ प्रत
– आधार कार्ड, छायाचित्रे आणि ‘अपार’ (विद्यार्थ्याचा कायमस्वरूपी ओळख क्रमांक) किंवा श्रेयांक पेढीचा (एबीसी) क्रमांक
– वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र
– लागू असल्यास जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेयर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र
– शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी संलग्न बँक खाते
– मध्ये वर्ष गेले असल्यास खंड प्रतिज्ञापत्र. दुसऱ्या मंडळातून आल्यास स्थलांतर प्रमाणपत्र

मूळ दाखला देण्यापूर्वी त्याच्या रंगीत प्रती आणि स्कॅन काढून ठेवावेत, कारण एकदा तो जमा झाला की परत मिळवण्यासाठी प्रवेश रद्द करावा लागतो. आधारवरील नाव आणि गुणपत्रकावरील नाव अक्षरशः जुळते का हे पाहावे. वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगमधील एका अक्षरामुळेही महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरील अर्ज परत येतो. नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून जून-जुलैमध्ये ते चालू वर्षाचे आहे ना याची खात्री करून घ्यावी. मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांसाठी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रवेशपूर्व नोंदणी वेगळी करावी लागते. केवळ महाविद्यालयाचा अर्ज भरून भागत नाही.

६. महाराष्ट्राबाहेर जायचे असल्यास

दिल्ली विद्यापीठ, बनारस हिंदू विद्यापीठ यांसारख्या केंद्रीय विद्यापीठांत पदवीचा प्रवेश २०२२ पासून सीयूईटी या सामाईक परीक्षेतून होतो. दिल्लीत मिरांडा हाउस आणि किरोडीमल महाविद्यालयांत बी.ए. ऑनर्स भूगोल आहे. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे नाव या विषयात मोठे आहे, परंतु तेथील प्रादेशिक विकास अभ्यास केंद्रात भूगोलाचा प्रवेश एम.ए.पासून आहे, बारावीनंतर तेथे भूगोलासाठी अर्ज करण्याच्या तयारीत राहू नये.

राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांना तीन ठिकाणी ठेच लागते. पहिली म्हणजे तारीख : सीयूईटीचा अर्ज बारावीच्या निकालाची वाट पाहत नाही, तो बोर्डाच्या परीक्षेच्या आगेमागेच भरावा लागतो, आणि मे महिन्यात जागे झालेल्याचे वर्ष हुकते. दुसरी म्हणजे पुस्तक : परीक्षा मराठीतून देता येत असली, तरी तिचा अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकांना धरून असतो. बालभारतीच्या पुस्तकाशी त्याचा बराच भाग जुळतो; मात्र भारताची लोकसंख्या, शेती, जलसंपदा, खनिजे, वाहतूक यांचा तपशील एनसीईआरटीच्या पुस्तकातूनच करावा लागतो. तिसरी म्हणजे दाखला : इतर मागासवर्ग आणि आर्थिक दुर्बल घटक यांची प्रमाणपत्रे केंद्राच्या नमुन्यात वेगळी काढावी लागतात, राज्यातील एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) प्रवर्ग तेथे चालत नाही, आणि राज्यात विमुक्त जाती-भटक्या जमातींत येणाऱ्यांनी आपली जात केंद्राच्या यादीत कोठे आहे हे आधी शोधावे. सीयूईटीचे गुण हाती आल्यावरही त्या त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर स्वतंत्र नोंदणी करावी लागते, हे बरेच जण विसरतात.

गोव्यातील विद्यार्थ्यांसाठी मडगावच्या चौगुले महाविद्यालयात भूगोल विभाग आहे. सीमेलगतच्या सिंधुदुर्गातील मुलांनीही ती शक्यता पडताळून पाहण्यास हरकत नाही.

७. वर्ग सुरू होण्यापूर्वी एक नकाशा वाचायला शिका

साहित्य थोडेच लागते : एच आणि २एच पेन्सिली, चांगले खोडरबर, कंपास पेटी, आलेख कागद, ट्रेसिंग पेपर, साधा गणकयंत्र आणि एक चांगला नकाशासंग्रह. यांत एका स्थलनिर्देशक नकाशाची, म्हणजे एका लहान भागातील उंचसखलपणा, ओढे, रस्ते आणि वस्त्या तपशिलाने दाखवणाऱ्या नकाशाची भर घालावी. भारतीय सर्वेक्षण विभागाचे ओपन सिरीज नकाशे विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मिळवता येतात. आपले गाव ज्या पत्रकात येते तेच घ्यावे, म्हणजे नकाशात दिसलेली वस्तू सायकलवरून जाऊन पाहता येते.

पुण्याचे उदाहरण घेऊ. शहराचा मध्यभाग जुन्या क्रमांकनानुसार ४७ एफ/१४ या पत्रकात येतो. ४७ म्हणजे १६ ते २० अंश उत्तर अक्षांश आणि ७२ ते ७६ अंश पूर्व रेखांश यांमधील मोठा चौकोन. त्याचे ए ते पी असे एकेका अंशाचे सोळा भाग केले (पश्चिमेच्या स्तंभापासून सुरुवात करून प्रत्येक स्तंभ वरून खाली मोजत) की एफ म्हणजे १८ ते १९ अंश उत्तर आणि ७३ ते ७४ अंश पूर्व. त्याचेही त्याच क्रमाने पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा भाग पाडले की चौदावा भाग १८ अंश ३० मिनिटांपासून १८ अंश ४५ मिनिटांपर्यंतचा. म्हणूनच दक्षिणेकडील कात्रज या पत्रकात सापडत नाही. त्यासाठी ४७ एफ/१५ उघडावे लागते. ओपन सिरीजमध्ये ४७ एफ/१४ ला ई ४३ एच १४ असा क्रमांक आहे. हे क्रमांक कोणी पाठ करून घेत असेल तर करू नयेत; एकदा कागदावर चौकोन आखून स्वतः मोजावेत, मग ते विसरत नाहीत.

या नकाशाचे प्रमाण १ : ५०,००० असते, म्हणजे नकाशावरील दोन सेंटिमीटर जमिनीवर एक किलोमीटर भरतात. समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) तपकिरी असतात आणि दोन रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक असतो. समजा, एका टेकडीच्या उतारावर एक सेंटिमीटर अंतरात सहा रेषा आल्या. सहा रेषा म्हणजे त्यांच्यातील अंतरे पाच, म्हणून चढ १०० मीटर. आडवे अंतर ५०० मीटर. म्हणजेच उतार पाचास एक, सुमारे ११ अंशांचा. पहिल्या प्रात्यक्षिकात बहुसंख्य मुले रेषाच मोजतात आणि १२० मीटर लिहितात. दुसरी नेहमीची चूक दरी आणि सोंडेची : रेषांचे टोक चढाकडे वळले असेल तर ती दरी, उताराकडे वळले असेल तर सोंड, म्हणजे डोंगराचा पुढे आलेला फाटा. आणखी एक बारकावा असा की, पावसाळ्यापुरते वाहणारे ओढे काळ्या रंगात दाखवतात, बारमाही पाणी निळ्या रंगात. दख्खनच्या पठारावरील पत्रकात निळ्या रेषा किती कमी आणि काळ्या किती जास्त, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की टंचाईग्रस्त तालुक्यांवरील धडा वेगळा वाचावा लागत नाही.

८. वर्ष सुरू झाल्यावर : जर्नल, सर्वेक्षण, भाषा

जर्नल त्याच आठवड्यात पूर्ण करून त्यावर सही घ्यावी. सत्राच्या शेवटी ते प्रमाणित झालेले नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसू देत नाहीत, आणि शेवटच्या आठवड्यात शिक्षकांच्या दारात जी रांग लागते तिच्यात उभे राहण्यासारखे काही नसते. तोंडी परीक्षेत प्रश्न विचारतात ते जर्नलातील आपल्याच आकृत्यांवर. दुसऱ्याची उतरवलेली आकृती तेथे लगेच उघडी पडते.

गावाच्या सर्वेक्षणाला जाताना प्रश्नावली स्थानिक बोलीत वाचून पाहावी. ‘आपले वार्षिक उत्पन्न किती’ असे थेट विचारले तर खरे उत्तर मिळत नाही. जमीन किती, त्यात बागायत किती, जनावरे किती, घरातील कोण बाहेर कामाला जाते असे विचारत गेले की चित्र आपोआप उभे राहते. ग्रामपंचायतीत आधी जाऊन कल्पना द्यावी आणि महाविद्यालयाचे पत्र जवळ ठेवावे.

मराठी माध्यमातून पदवी उत्तम होते, मात्र पदव्युत्तर स्तरावरील संदर्भग्रंथ आणि शोधनिबंध बहुतांशी इंग्रजीत आहेत. त्यामुळे पहिल्या सत्रापासून वहीच्या मागील पानांवर दोन्ही भाषांतील संज्ञांची स्वतःची यादी ठेवावी आणि दर आठवड्याला एखादे इंग्रजी प्रकरण वाचावे. तिसऱ्या वर्षी एकदम सुरुवात करणाऱ्याची दमछाक होते.

९. संगणकावरील काम स्वतःहून शिका

भौगोलिक माहिती प्रणाली (जीआयएस), म्हणजे संगणकावर नकाशे तयार करून त्यांचे विश्लेषण करण्याची पद्धत, अभ्यासक्रमात असते, पण प्रयोगशाळेत एका संगणकावर तिघे बसले की शिकतो एकच. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालते; इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर भारताची उपग्रह छायाचित्रे पाहता येतात, लँडसॅटची छायाचित्रे २००८ पासून विनामूल्य मिळतात, आणि डेहराडून येथील भारतीय सुदूर संवेदन संस्था विनामूल्य ऑनलाइन अभ्यासक्रम घेते. सुरुवातीला आपल्या तालुक्याच्या सीमा, रस्ते आणि ओढे आखून एक नकाशा पूर्ण करावा. त्याला शीर्षक, प्रमाण, उत्तर दिशा आणि सूची असलीच पाहिजे. असा स्वतः केलेला एक नकाशा मुलाखतीत पाच प्रमाणपत्रांपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

१०. पदवीनंतरच्या वाटा

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, मुंबई विद्यापीठ, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ येथे भूगोलाचे पदव्युत्तर विभाग आहेत. पुण्यात भूमाहितीशास्त्राची एम.एस्सी.ही आहे. लोकसंख्येची बाजू आवडली असेल तर मुंबईतील देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था पाहावी. नगर नियोजनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अनेक संस्था भूगोलाची पदव्युत्तर पदवी पात्रता म्हणून स्वीकारतात, ही वाट फारच थोड्यांना ठाऊक असते. शाळेत शिकवायचे असल्यास बी.एड.ची सीईटी, महाविद्यालयात शिकवायचे असल्यास नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्यस्तरीय) ही पात्रता परीक्षा. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर नेटला बसता येते, परंतु सहायक प्राध्यापकासाठी पदव्युत्तर पदवीही लागतेच.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत भूगोल हा वैकल्पिक विषय ५०० गुणांचा आहे आणि तो मराठीतून लिहिता येतो. महाराष्ट्र आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाल्याने तेथेही वैकल्पिक विषय आला आहे. तथापि, ‘एमपीएससीला उपयोगी’ एवढ्याच कारणासाठी कोणी ही पदवी घेऊ नये. पाठांतरासाठी तीन वर्षे प्रात्यक्षिके करण्याची गरज नसते.

खासगी कंपन्यांतील नकाशाकामाबद्दल स्पष्ट सांगावेसे वाटते. सुरुवातीचे काम बहुधा उपग्रह छायाचित्रावरून घरे, रस्ते आणि शेतांच्या कडा दिवसभर आखत बसण्याचे असते, आणि पगार बेताचा असतो. त्यातून वर जातात ते प्रामुख्याने पायथॉन ही संगणकीय भाषा किंवा डेटाबेस शिकलेले, म्हणून तिसऱ्या वर्षी खुला वैकल्पिक किंवा कौशल्य विषय निवडताना त्यांतील एखादा मिळतो का ते विभागात विचारावे. नागपूर येथील महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आणि पुण्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा येथे याच प्रकारचे काम चालते. कार्यप्रशिक्षणासाठी अशा ठिकाणी अर्ज करायचा असेल तर विभागप्रमुखांच्या पत्रासह सत्र सुरू होतानाच करावा, कारण उन्हाळी सुटी लागल्यावर पाठवलेल्या अर्जाला क्वचितच उत्तर येते.